शकुनाची वही: लीच लेक, हंगाम २०२४

२६ मे, रविवार

आज वही आखली. लेकीच्या शाळेची अर्धी उरलेली वही, पहिल्या पाच पानांवर तिचे भागाकार. त्यापुढे माझे रकाने: तारीख, वेळ, वारा, पाण्याचं तापमान, मग सगळ्यात रुंद रकाना 'काय दिसलं', आणि शेवटी 'मासा'. शेवटच्या रकान्यात तीनच शक्यता. काही नाही, फॉलो (मासा आमिषामागे बोटीपर्यंत आला, पण गळ घेतला नाही), लागला.

हे सगळं बोटमालकामुळे. बोटमालक म्हणजे मिनियापोलिसच्या आमच्या उपनगरात दोन घरं सोडून राहणारा शेजारी. वय सत्तरीच्या पुढे, आयुष्य लेथवर गेलं, आता बोट हाच संसार. गेली तीन वर्षं तो मला मस्की नावाच्या माशासाठी उत्तरेला लीच लेक ह्या तळ्यावर नेतोय आणि तीन वर्षांत माझ्या गळाला एकही मस्की लागलेली नाही. त्याच्या मते माझं फेकणं ठीक आहे, पण मी पक्ष्यांकडे बघत नाही. गरुड दिसला की शुभ. बगळा काठावर खांबासारखा उभा असेल तर उत्तम, उडाला तर दिवस गेला. लून नावाचा इथला पाणपक्षी हसला की मासा हलतो. पाणकावळा वाईट. आणि बोटीत केळं कदापि नाही.

मला हसता येत नाही, कारण मी इंदापूर तालुक्यातला, उजनीच्या पाण्याकाठी वाढलेला. आमचे अण्णा बाजाराला निघताना भारद्वाज दिसला की खुशीत असायचे. मुंगूस आडवं गेलं तर त्याहून खुशीत. रात्री टिटवी घरावरून ओरडत गेली की आई उठून देवापाशी हात जोडायची. म्हणजे माझ्या घरात पक्षी बघूनच कामं ठरत होती, मी फक्त खंड बदललाय.

प्रकल्प एवढाच: शकुन खरे की खोटे हे एका हंगामात मोजायचं. नियम एकच. जे दिसलं ते मासा यायच्या आधी लिहायचं. मागाहून आठवून नाही.

१ जून, शनिवार

मिनेसोटात मस्कीचा हंगाम जूनच्या पहिल्या शनिवारी उघडतो. रात्री दोनला निघालो, सहाला वॉकर गावात. तळं लाखभर एकरांचं आहे; दुसरा काठ दिसत नाही, तळं म्हणवत नाही.

ज्यांनी मस्की पाहिलेली नाही त्यांच्यासाठी: लांबट, सुसरीच्या जबड्याचा शिकारी मासा, मोठी मादी चार फुटांच्या पुढे जाते. नाव इथल्या मूळ रहिवासी ओजिब्वे लोकांच्या 'माश्किनोझे'वरून आलंय. हे तळंही त्यांच्याच राखीव प्रदेशात आहे. दहा हजार वेळा फेकाल तेव्हा एक लागेल असं इथे म्हणतात. आमची दिवसाकाठी सात-आठशे फेक होते, गणित तुम्हीच करा. आमिष म्हणजे हरणाच्या शेपटीचे केस बांधलेला, दोन मोठ्या पितळी पात्या गरगर फिरवत येणारा, वीतभर लांबीचा ऐवज. संध्याकाळपर्यंत खांदा हातात येतो.

काय दिसलं: गरुड तीन. राखी बगळ्याचा इथला मोठा भाऊ एक, स्थिर. मासा: काही नाही.

दुपारी भांडण. हिने डब्यासोबत केळ्याचे वेफर्स दिले होते. बोटमालकाने पाकिटावरचं चित्र पाहिलं आणि मोटर बंद केली. मी म्हटलं, हे तळलेलं आहे, केळं मेलेलं आहे. त्याला ते पटलं नाही. शेवटी वेफर्स किनाऱ्यावर, गाडीत. केळं तिथून किती अंतरावर बाधत नाही हे त्याला विचारलं, उत्तर मिळालं नाही.

२ जून, रविवार

गरुड पाच, आणि मासा पुन्हा काही नाही.

गरुडाचा शकुन मला आजच बाद करावासा वाटतोय. इथे गरुड म्हणजे आपल्याकडची घार. आंघोळ करून बाहेर आलं की दिसतेच. रोज दिसणारी गोष्ट शुभ असेल तर रोजच शुभ, मग वही कशाला? बोटमालकाला हे सांगितलं तर म्हणाला, तो लहान असताना उन्हाळाभर गरुड दिसायचा नाही. डीडीटी ह्या कीटकनाशकाने अंड्यांची कवचं पातळ व्हायची, आई अंड्यावर बसली की अंडं फुटायचं. १९७२ मध्ये अमेरिकेत डीडीटीवर बंदी आली आणि २००७ मध्ये गरुड धोक्यातल्या पक्ष्यांच्या यादीतून निघाला. म्हणजे त्याचा शकुन खोटा नाही, जुना आहे. त्याच्या लहानपणी गरुड दिसणं ही खरंच बातमी होती.

गरुडाचा रकाना ठेवला, त्याच्या बालपणाखातर.

१५ जून, शनिवार

पूर्वेच्या अंगाला एक उथळ उपसागर आहे, लव्हाळ्याने भरलेला. तिथे लून हसला. सकाळी ७:१० ला लिहिलं.

लूनला मराठी नाव नाही. आपली टिबुकली बदकाएवढी करा, मान काळीभोर, गळ्यात पांढऱ्या रेघांची माळ, पाठीवर बुद्धिबळाचा पट, डोळा लाल. बुडी मारली की मिनिटभर गायब, मग भलतीकडेच वर. मिनेसोटाचा तो राज्यपक्षी. ओजिब्वे लोकांत लून आणि क्रौंच ही दोन कुळं नेतृत्वाची मानली जात. त्याचं ते हसणं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा कोणी वेडा काठावर बसलाय असं वाटलं होतं: उंच, थरथरतं, मध्येच चढणारं.

७:२५ ला फॉलो. आमिष बोटीपासून हातभर अंतरावर आलं आणि त्यामागे ओंडका. ओंडक्याला डोळे होते. काठीचं टोक पाण्यात खुपसून इंग्रजी आठ काढायचा असतो, म्हणजे आमिष वळत राहतं आणि मासा चिडतो. मी आठ काढायचं विसरून बघत उभा राहिलो. ती बोटीखालून सावकाश निघून गेली. घाई आपल्याला.

९:४० ला पुन्हा त्याच उपसागरात लून हसला, दहा वाजता दुसरा फॉलो. ह्या वेळी आठ काढला, वाकडा.

१६ जून, रविवार

वारा फार. लून गप्प. काही नाही.

२९ जून, शनिवार

नोंदी फुगल्या आहेत. सहा दिवसांत सहा फॉलो, त्यातले पाच लून हसल्यावर अर्ध्या तासाच्या आत. शाळेत असतो तर मास्तरांनी ह्यावर निबंध लिहायला लावला असता. बोटमालक काही बोलत नाही, फक्त लून हसला की माझ्याकडे वळून भुवया उडवतो.

आज पिल्लं दिसली. दोन, काळ्या लोकरीच्या गोळ्यांसारखी, आईच्या की बापाच्या पाठीवर बसलेली. नर-मादी दिसायला सारखेच, त्यामुळे सांगता येत नाही. फोनवर आवाज रेकॉर्ड करत राहिलो; आता माझ्याकडे चार रेकॉर्डिंग आहेत.

४ जुलै, गुरुवार

सुट्टी. सगळे फटाक्यांना गेले, मी घरी राहून रेकॉर्डिंग लावली. उद्देश साधा होता: लूनचे चार आवाज असतात, कोणता शुभ ते नेमकं लिहायचं. जवळच्या जवळ 'हू हू' असा बारीक आवाज. रात्री लांबून येणारी, लांडग्यासारखी आर्त हाक, जोडीदाराला शोधणारी. फक्त नर काढतो तो चढ-उताराचा आवाज, आपली हद्द सांगणारा. आणि चौथं हे हसणं.

हसणं हा धोक्याचा इशारा आहे.

रेकॉर्डिंग पुन्हा लावली. चारही वेळा तेच: आधी आमच्या पुढच्या विजेरी मोटरची घूं घूं, मध्ये बोटमालकाचं खोकणं, आणि मग ते हसणं. मी महिनाभर 'शुभ' म्हणून लिहीत होतो तो पक्षी आम्हाला बघून घाबरत होता. एका रेकॉर्डिंगच्या शेवटी पाण्यावर फटफट आवाज आहे. तेव्हा मी वहीत लिहिलंय: 'लून उभा राहून नाचला. फारच उत्तम.' तोही नाच नव्हता. पिल्लांजवळ कोणी आलं की तो पाण्यावर ताठ उभा राहून पाय आपटतो, आणि त्यात त्याची दमछाक होते.

मग फॉलो का येत होते? ह्याचा विचार करत रात्री अकरापर्यंत बसलो, आणि उत्तर फार साधं निघालं. लूनचे पाय अंगाच्या अगदी मागे असतात. पोहायला झकास, जमिनीवर चालायला निरुपयोगी. त्यामुळे घरटं पाण्याच्या अगदी काठाला, वाऱ्या-लाटांपासून आडोशाच्या उथळ लव्हाळ्यात. आणि मस्की? ती वसंतात अंडी घालते उथळ उपसागरांतच, आणि जूनमध्ये बराच काळ त्याच भागात गवताच्या कडेने पर्च नावाचे छोटे मासे खात फिरते. लून हसला ह्याचा अर्थ एवढाच की आम्ही योग्य उपसागरात शिरलोय, आणि नको तितके आत शिरलोय.

शकुन खोटा नव्हता, हेच वाईट वाटतंय. खोटा असता तर खोडून टाकला असता.

बोटमालकाला फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पण मासे येत होते ना?" मी म्हटलं, हो. "मग?" मग मला काही सुचेना. फोन ठेवला.

२० जुलै, शनिवार

उकाडा, वारा शून्य, पाणी आरशासारखं. बोटमालक खुश. १९५५ च्या जुलैमध्ये अशाच उकाड्याच्या, बिनवाऱ्याच्या दिवसांत ह्याच तळ्यातल्या मस्कींनी अक्षरशः वेड लागल्यागत गळ घेतले होते; त्या दिवसांच्या गोष्टी वॉकरमध्ये अजून सांगतात. तो तेव्हा लहान होता आणि तिथे नव्हता, तरी सांगतो अशा थाटात की जाळी ह्यानेच धरली होती.

लव्हाळ्याचा उपसागर आला तसा मी वही उघडून गप्प बसलो. त्याने तोंडातून अवाक्षर काढलं नाही. उपसागराच्या तोंडाशी मोटर बंद केली, बोट वळवली आणि बाहेरच्या खडकांच्या रांगेवर नेली. लून आत कुठेतरी असणार. हसला नाही. दुपारभर काही नाही.

संध्याकाळी सूर्य बुडायच्या सुमारास पूर्वेला चंद्र आला, जवळजवळ पूर्ण, तांब्याच्या परातीसारखा. चंद्र उगवतानाचा अर्धा तास बोटमालक जेवत नाही, बोलत नाही. मी काळं आमिष लावलं. पाण्यावरून गुडगुडत येणारं, शेपटीची पाती फिरणारं. बोटीपाशी आल्यावर, मासा दिसला नव्हता तरी, सवयीने आठ काढला. दुसऱ्या वळणावर पाणी फाटलं.

त्यापुढचं क्रमाने सांगता येत नाही. काठी पाण्यात ओढली गेली, माझ्या गुडघ्याला बोटीची कड लागली, बोटमालक ओरडत होता "सैल नको, सैल नको", आणि मी मराठीत काहीतरी ओरडत होतो. मग ती जाळ्यात होती. जाळं पाण्यातच ठेवलं, लांब पकडीने दोन गळ काढले, तिसरा निघेना तो कापून टाकला. मोजपट्टीवर ४३ इंच. इथे ५४ इंचांखालची मस्की ठेवता येत नाही, आणि आमच्यासारखे लोक त्यावरचीही ठेवत नाहीत. शेपटीच्या बुडाशी धरून पाण्यात उभं धरलं. थंड, घट्ट, किंचित थरथरणारं. मिनिटभराने तिनेच झटका दिला आणि मी नखशिखान्त भिजलो.

मासा: लागला.

काय दिसलं: (रिकामं)

२१ जुलै, रविवार

वही उघडली तर मुख्य रकाना कोरा. हंगामातला एकच मासा आणि त्याच्या आधीची एकही नोंद नाही. चंद्र बघत बसलो, लिहायचं राहिलं.

बोटमालक म्हणतो, गरुड होता. खडकांच्या टोकाला वाळलेल्या पाइनवर, सूर्याकडे तोंड करून, चंद्र यायच्या आधीपासून. मी म्हणतो, पाइनवर कोणीच नव्हतं. तो पाइन मी नीट पाहिलाय, कारण फेक कुठे टाकायची हे मी त्यावरूनच ठरवत होतो. तो शपथेवर सांगतो. मीही. फोनमधला फोटो काढून बघितला. त्यात मासा आहे, माझं उघडं तोंड आहे, आणि पाइनच्या जागी बोटमालकाची टोपी.

त्याला खोटं बोलण्याचं कारण नाही. त्याच्या डोक्यात आता तो गरुड तिथे बसला आहे आणि माझ्या डोक्यातला पाइन रिकामा आहे. रकाना कोराच ठेवतोय. नियम नियम आहे.

३ ऑगस्ट, शनिवार

गेलो नाही. उपसागरात पाणी ८० अंश फॅरनहाइटला टेकलंय. इतक्या कोमट पाण्यात झुंजवून सोडलेली मस्की पोहत जाते आणि पुढे कुठेतरी मरते; आपल्याला ती गेलेलीच दिसते. पाणी निवेपर्यंत बंद.

रिकामा दिवस म्हणून आमिषांची पेटी साफ केली. तळाशी लेकीबरोबर सनफिश धरताना वापरलेले शिशाचे मणी निघाले, मूठभर. लून पोटात अन्न दळण्यासाठी तळाचे खडे गिळतो, आणि खड्यांबरोबर असा एखादा मणीही जातो; विषबाधेला एक पुरतो. सगळे डबीत घालून घातक कचऱ्याच्या केंद्रावर दिले. आता कथिलाचे आणले आहेत, महाग पडतात.

१९ ऑगस्ट, सोमवार

नारळी पौर्णिमा, राखी. संध्याकाळी अण्णांना फोन, तिकडे सकाळ.

"काय रं, घावला का मासा?"

"एक घावला अण्णा. त्रेचाळीस इंच."

"आरं तिच्या! मग काय केलं त्याचं? कालवण?"

"सोडून दिला."

बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मला वाटलं फोन तुटला.

"सोडला? मग गेला कशाला हुतास एवढ्या लांब?"

मी कायदा सांगितला, इंच सांगितले, मासा वाढायला किती वर्षं लागतात ते सांगितलं. ते हं हं करत राहिले. मग म्हणाले, "बरं, निघताना काय दिसलं हुतं?"

"लिहायचं राहिलं."

"ल्ह्यायचं कशाला? ध्यानात राहतंय की." बोटमालकाशी त्यांची गाठ घालून द्यायला हवी.

१४ सप्टेंबर, शनिवार

पाणी निवलं, पुन्हा सुरुवात. कोरडा, ऊबदार सप्टेंबर, पानं वेळेआधी करपलेली.

पाणकावळे शेकड्याने. बोटमालक तोंड फिरवून बसला. इथे पाणकावळ्यावर राग जुना आहे. लहान पेलिकन बेटावर त्यांची वसाहत वाढली, वॉलाय मासा कमी झाला, आणि २००५ पासून लीच लेकच्या ओजिब्वे समाजाचा नैसर्गिक संसाधन विभाग त्यांची संख्या आवरतोय. त्यामुळे पाणकावळा दिसणं अशुभ ह्यात शकुन कमी आणि हिशेब जास्त.

पण उजनीला उलट. पहाटे पाणकावळ्यांची फळी जिकडे बुड्या मारते तिकडे होडी वळवायची, चिलापीचा थवा तिथेच. अण्णा पाणकावळ्याला कधी वाईट बोलले नाहीत. मी बोटमालकाला म्हटलं, एकदा त्यांच्यामागे जाऊन बघू. गेलो. त्यांच्याखाली, पाण्यातले मासे दाखवणाऱ्या सोनार यंत्राच्या पडद्यावर, छोट्या माशांचा ढग, आणि ढगाच्या कडेला दोन लांब रेघा. एक फॉलो, खोलवरून, पांढरं पोट दाखवून वळलेला.

वहीत 'पाणकावळा' समोर 'फॉलो' लिहिताना बोटमालक वाकून बघत होता. "एकच आहे," तो म्हणाला.

१२ ऑक्टोबर, शनिवार

दसरा. पहाटे निघताना हिने डॅशबोर्डवर पाच झेंडूची फुलं ठेवली. आपट्याचं पान इथे कुठलं, मेपलच्या पानाला 'सोनं' म्हणून बोटमालकाच्या हातात दिलं. त्याने ते टोपीत खोचलं आणि दिवसभर काढलं नाही.

आज नीलकंठ दिसायला हवा. तो इथे नाही हे माहीत असून मान वर करून बसलो होतो. नऊच्या सुमारास किनाऱ्याच्या तारेवरून निळं काही खाली झेपावलं, खडखड आवाज करत, चोचीत मासा घेऊन परत तारेवर. इथला खंड्या, पट्टेवाला, डोक्यावर विस्कटलेली शेंडी. निळा तर आहे. मासाही धरतो. लिहिताना पेन दोन सेकंद थांबलं आणि मग प्रामाणिकपणे लिहिलं: 'खंड्या १ (नीलकंठाऐवजी).'

मासा: काही नाही. घरी पोचलो तेव्हा श्रीखंड संपलेलं.

२६ ऑक्टोबर, शनिवार

बहुधा शेवटची फेरी. कायद्याने अजून महिना आहे पण बोटमालकाचे गुडघे नाहीत.

थंडीच्या तोंडावर टुलिबी नावाचे चंदेरी मासे अंडी घालायला खडकाळ उथळ्यावर येतात आणि जाड मस्की त्यांच्यामागे. कुठल्या उथळ्यावर ते कुरव पक्षी सांगतात. वर घिरट्या घालत असतात. आम्ही सरळ कुरवांखाली गेलो. ह्याला शकुन म्हणायचं की पत्ता, ह्यावर आता वाद होत नाही.

दुपारी बोटीपासून वीस हातांवर एक लून वर आला. राखाडी, गळ्यात माळ नाही, पाठीवर पट नाही. ह्या वर्षीचं पिल्लू. मोठे लून आधीच गेले, पिल्लं मागे राहतात आणि आई-बापांशिवाय वाट काढत समुद्रावर पोचतात. फ्लोरिडाकडे, मेक्सिकोच्या आखाताकडे. तिथेच दोन-तीन वर्षं राहून मग इकडे परततात. हे त्या उपसागरातलंच एक असेल असं मला वाटलं, आणि तसं मानायला काहीही आधार नाही.

बोटमालकाने मोटर बंद केली होती. पिल्लू आमच्याकडे बघत राहिलं, गप्प. मग बुडालं. मी घड्याळ लावलं. बावन्न सेकंदांनी ते पार पलीकडे, कुरवांच्या खाली निघालं.

"लिही," बोटमालक म्हणाला.

२:३५. पश्चिमेचा वारा. पाणी ५० अंश. लून, पिल्लू, हसलं नाही. मासा: काही नाही.